आश्रमाचे गवई : कै. पंडित नारायण मोरेश्वर खरे

स्वातंत्र्याच्या इतिहासात आपल्या सुरत जिल्ह्याची दोन गावे अमर झाली आहेत. पहिले दांडी. ते आज नवसारी जिल्ह्यात मोडत असले, तरी १९३० साली सुरत जिल्ह्यातच होते. दुसरे तापीच्या काठचे हरिपुरा. या दोन्ही गावांशी एका मराठी गवयाचे नाव जोडलेले आहे. पहिल्या गावी तो भजने गात पायी गेला, आणि दुसऱ्या गावी गाण्याचीच तयारी करीत असता त्याने देह ठेवला. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे ते गवई होत. साबरमतीच्या आश्रमात सर्वजण त्यांना पंडितजी म्हणत. आपल्या सभासद कुटुंबांतील वडील मंडळींनी त्यांचे नाव ऐकलेले असेल; तरुणांनी मात्र ते क्वचितच ऐकले असेल. त्यांच्या चरित्रात आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर देवाचे नाव घेणाऱ्या मंडळींनी विचार करावा असे पुष्कळ आहे, अशी आमची समजूत असल्याने आम्ही ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

खरे कोणाच्या मुशीत घडले हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. त्यांचे गुरू पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या या पुरुषाची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली, आणि १८९६ साली ते मिरज सोडून बाहेर पडले. त्या काळी गाणे ही एक तर दरबाराची, नाही तर दिवाणखान्याची वस्तू समजली जाई. घरंदाज माणसाने गाणे ऐकावे, पण मुलाने गवई व्हावे अशी इच्छा कोणी धरीत नसे. विष्णु दिगंबरांनी हा समज मोडून काढण्यासाठी आयुष्य वेचले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथे ठराविक अभ्यासक्रम होता, स्वरलिपीत छापलेली पुस्तके होती, आणि राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर भिस्त होती. १९०८ साली मुंबईसही त्यांनी विद्यालय काढले.

या विद्यालयाचा एक विशेष असा की, त्यात उपदेशक वर्ग चालत असे. निवडक मुलांना गुरूंनी आपल्या घरी ठेवून घ्यावे, त्यांच्या जेवणाखाणाची व शिक्षणाची सोय करावी, आणि मुलांनी काही वर्षे नेमाने शिकून पुढे स्वतः शिक्षक व्हावे, अशी ती व्यवस्था होती. पोटापुरते गाणे शिकून जाणारे विद्यार्थी गुरूंना नको होते; गावोगावी बसून गाणे शिकवणारी पिढी त्यांना हवी होती. मुले पहाटे उठत, खर्ज लावत, प्रार्थना करीत. व्यसनाला तेथे थारा नव्हता. शृंगारिक चिजांच्या जागी संतांची पदे योजण्याचा गुरूंचा कटाक्ष असे. नारायण खरे याच शिस्तीत वाढले. शास्त्रोक्त गायन त्यांना चांगले अवगत झाले, पण त्याहूनही मोठी गोष्ट ही की, गाणे हे दुसऱ्याला देण्यासाठी असते, ही दीक्षा त्यांना मिळाली.

इकडे महात्मा गांधींनी २५ मे १९१५ रोजी अहमदाबादजवळ कोचरब येथे सत्याग्रह आश्रम काढला होता, आणि १९१७ साली तो साबरमतीच्या काठी हलवला होता. प्रार्थना हा आश्रमाच्या दिनक्रमाचा कणा होता. पहाटे चारच्या सुमारास उठून सर्वांनी एकत्र बसावे, सायंकाळी पुन्हा बसावे, श्लोक म्हणावेत, भजन करावे, असा नेम होता. पण म्हणणाऱ्यांत कोणी गुजराती, कोणी मराठी, कोणी बिहारी, कोणी सिंधी, कोणी दक्षिणेकडचे. प्रत्येकाचा उच्चार निराळा, प्रत्येकाचा स्वर निराळा. भक्ती होती, पण सूर नव्हता. आश्रमाला संगीत शिकवणारा चारित्र्यवान माणूस हवा होता, आणि तो विष्णु दिगंबरांच्या शिष्यांतच मिळण्याजोगा होता. त्याप्रमाणे १९१८ च्या सुमारास खरे आश्रमात दाखल झाले आणि तेथलेच होऊन गेले.

त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. मैफलीत नाव कमावण्याचे वय ते हेच. त्यांनी मात्र जेथे टाळी वाजवण्याची चाल नाही, बिदागी नाही, गाणारा आणि ऐकणारा हा भेदच नाही, अशी जागा पत्करली. आश्रमाची व्रते त्यांनी स्वीकारली. पत्नी लक्ष्मीबाई व मुलेबाळे यांच्यासह ते तेथे राहिले. इतर आश्रमवासीयांप्रमाणे सूतकताई व शरीरश्रम त्यांनाही चुकले नव्हते. तंबोरा आणि चरखा या दोहोंना त्यांच्या घरी सारखाच मान होता.

आता त्यांच्यापुढचे काम कसे होते, याचा विचार करू. एका तयार शिष्याला राग शिकवणे सोपे नाही हे खरे. परंतु शंभर बेसूर माणसांना एका स्वरात एक पद म्हणावयास लावणे त्याहून अवघड आहे. पुरुष, बायका आणि मुले या तिघांच्याही गळ्याला पेलेल असा मध्यम स्वर निवडावा लागतो. चाल अशी हवी की, आज आलेल्या माणसाने चार दिवसांत ती उचलावी, आणि तरीही ती इतकी निकस नको की चार वर्षांनी तिचा कंटाळा यावा. राग स्पष्ट हवा, पण आलापताना आवरत्या हव्यात. ठेका चालता हवा, पण शब्दांवर कुरघोडी करणारा नको. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे, ज्याला सर्व काही येते त्या गवयाने आपला गळा मागे ठेवावा लागतो. तो पुढे सरसावला की बाकीचे गप्प बसतात आणि समुदायाच्या प्रार्थनेची मैफल होते. जाणत्या गवयाला हा संयम साधणे म्हणजे एक व्रतच होय. खऱ्यांनी ते जन्मभर पाळले.

प्रार्थनेची मांडणी हळूहळू पक्की होत गेली. पहाटे संस्कृत श्लोक, सायंकाळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांचे एकोणीस श्लोक, त्यानंतर भजन आणि रामधून, असा तिचा क्रम होता. आश्रमात त्या वेळी काकासाहेब कालेलकर, विनोबा भावे, त्यांचे बंधू बाळकोबा अशी मराठी मंडळी होती. विचाराची बाजू सांभाळणारे तेथे पुष्कळ होते. स्वराची बाजू पंडितजींनी सांभाळली. रामधून तर गुरूंच्या परंपरेतूनच आलेली. विष्णु दिगंबरांनी जिला घरोघर नेले, तिला आश्रमाने देशभर नेले, आणि या दोन टोकांना जोडणारा दुवा खरे हे होते.

या साधनेतूनच आश्रम भजनावली हे पुस्तक तयार झाले. खऱ्यांनी संग्रहित केलेले हे छोटेखानी पुस्तक नवजीवन प्रकाशनाने छापले, आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तुलसीदास, सूरदास, कबीर, मीराबाई यांची हिंदी पदे, नरसिंह मेहतांची गुजराती पदे, तुकोबांसारख्या संतांचे मराठी अभंग, बंगाली व सिंधी भजने, एवढेच काय, ख्रिस्ती प्रार्थनागीतेही त्यात एका ओळीने बसली आहेत. पदांवर राग आणि ताल यांचा निर्देश केलेला आढळतो. संग्राहकाच्या स्वभावाची खूण आम्हाला त्या निर्देशात दिसते. भक्तिभाव असला म्हणजे सूर कसाही चालतो, ही सबब पंडितजींना मान्य नव्हती. देवापुढे ठेवायचे फूल जसे आपण निवडून घेतो, तसा स्वरही निवडून घ्यावा, असा त्यांचा कटाक्ष होता. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी या संग्रहातील पदांचा नेमाने इंग्रजी अनुवाद केला, तो मीराबेन यांच्यासाठी. पंडितजींनी निवडलेली पदे तुरुंगाच्या भिंतीआड अशी सोबतीस गेली.

खऱ्यांचे कार्य आश्रमाच्या कुंपणात मात्र अडकून राहिले नाही. अहमदाबाद शहरात डॉ. हरिप्रसाद देसाई यांच्यासारख्या नागरिकांच्या साहाय्याने राष्ट्रीय संगीत मंडळाचे काम चालले, त्यात पंडितजी अग्रभागी होते. १९२६ साली या मंडळाच्या वार्षिक समारंभात गांधीजींनी स्वतः भाग घेतला. अहमदाबाद ही गिरण्यांची आणि व्यापाराची पेठ. तेथे घरोघरच्या मुलामुलींनी शास्त्रशुद्ध गाणे शिकावे, अशी हवा निर्माण करणे हे लहान काम नव्हते. आपल्या सुरतेतील वाचकांना हे अधिक सांगावयास नकोच. धंद्याच्या शहरात कलेला वेळ काढावयास लावणे किती कठीण, हे आपण जाणतोच. २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णु दिगंबरांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेतच एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज देशभर ज्याच्या संगीताच्या परीक्षा होतात ते मंडळ हेच. पंडितजींनी ज्या शहरात गाण्याची मशागत केली होती, तेथेच हे रोप लागले, यात आम्हाला औचित्य वाटते.

यापूर्वीच, १९३० च्या आरंभी, पंडितजींच्या आयुष्यातील कसोटीची घटका येऊन गेली होती. आश्रमात देवीची साथ आली. लस टोचून घेणे गांधीजींना पसंत नव्हते, आणि त्यांच्यावरील श्रद्धेने आश्रमातील अनेक कुटुंबांनी तोच मार्ग धरला होता. साथीत आश्रमाची काही मुले दगावली. त्यांत पंडितजींचा मुलगाही होता. श्रद्धेचे मोल कधी कधी किती जबर द्यावे लागते! लशीच्याच बळावर पुढे देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि १९८० साली तसे जाहीर झाले, हे आज आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणून त्या मताचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्या आईबापांनी तो घाव ज्या धीराने सोसला, त्यापुढे मान लवल्यावाचून राहत नाही.

मुलाच्या वियोगाला फार दिवस लोटले नव्हते, तोच दांडीयात्रेची तयारी सुरू झाली. १२ मार्च १९३० रोजी सकाळी गांधीजी आश्रमातून निघाले. बरोबर निवडक सत्याग्रही होते. त्यांच्या यादीत पंडित खरे, वय ४२, महाराष्ट्र, अशी नोंद आहे. घरी शोकाकुल पत्नी, आणि समोर २४१ मैलांची, म्हणजे सुमारे ३८५ किलोमीटरांची वाट. घरी राहण्यास त्यांना कारण होते, आणि तसे कोणी त्यांना दोषही दिला नसता. पण ते निघाले. यात्रेतही पहाटेची आणि सायंकाळची प्रार्थना चुकत नसे. दिवसातून दोन टप्प्यांत चालावयाचे, मुक्कामी सूत कातावयाचे, रोजनिशी लिहावयाची, आणि प्रार्थनेच्या वेळी पंडितजींनी स्वर द्यावयाचा. ज्याच्या घरात नुकताच अंधार झाला आहे त्याने दुसऱ्यांना उभारी देणारे भजन उचलावे, हे किती कठीण, याची कल्पना ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे त्यांनाच येईल.

यात्रा १ एप्रिल १९३० रोजी सुरतेस पोहोचली. दुसऱ्या दिवशी डिंडोलीवरून ती पुढे वांझकडे गेली, आणि नवसारी व कराडी मागे टाकून ५ एप्रिल रोजी दांडीस येऊन ठेपली. ६ एप्रिलच्या सकाळी गांधीजींनी मूठभर मीठ उचलले. डिंडोलीचे नाव वाचताच आमच्या पुष्कळ वाचकांच्या भुवया उंचावतील. त्या वेळी ते शहराबाहेरचे लहानसे गाव होते. आज तेथे आणि शेजारच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे नांदत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी आलेल्या या मंडळींच्या पायांखालची वाट एका मराठी गवयाने भजने गात तुडवलेली आहे, हे आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

१९३३ साली गांधीजींनी साबरमतीचा आश्रम विसर्जित केला. आश्रमवासी निरनिराळ्या कामांना लागले. पंडितजींनी अहमदाबादेतील संगीतशिक्षणाचे काम चालूच ठेवले. प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला गाणे शिकवले जावे, हा त्यांचा ध्यास होता. मुलाला गवई करावे हा त्यात हेतू नव्हता. आवाजाला वळण लागावे, चारचौघांत मिसळून वागण्याची सवय व्हावी, दुसऱ्याच्या स्वराकडे कान देण्यास त्याने शिकावे, हा होता. गांधीजींनीही शिक्षणात संगीताला असेच स्थान मानले होते.

१९३८ च्या फेब्रुवारीत काँग्रेसचे एकावन्नावे अधिवेशन हरिपुऱ्यास भरावयाचे ठरले. बारडोली तालुक्यातील हे खेडे. तापीकाठी बांबू आणि चटयांचे विठ्ठलनगर उभे राहिले. विठ्ठलभाई पटेल यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले होते. नंदलाल बोस यांनी ग्रामजीवनाची चित्रे रंगवून ते सजवले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक एकावन्न बैल जोडलेल्या रथातून निघाली. अशा या सोहळ्यात संगीताची बाजू सांभाळण्यासाठी पंडितजी आधीच तेथे जाऊन राहिले होते. परंतु ते तेथेच आजारी पडले, आणि अधिवेशन भरण्यापूर्वीच त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची पन्नाशीही त्यांनी धड पाहिली नाही. ज्या उत्सवासाठी त्यांनी स्वर जुळवले तो उत्सव त्यांच्यावाचून पार पडला. तापीमाई खानदेशातून वाहत येऊन हरिपुऱ्यावरून आपल्या सुरतेस येते; तिच्याच काठी या महाराष्ट्रपुत्राचा शेवट व्हावा, असा योग होता.

पंडितजींच्या जीवनाचे मोल कसे करावे? त्यांचे गुरुबंधू पाहा. भडोचशी जवळचा संबंध असलेले ओंकारनाथ ठाकूर देशभर गाजले. विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात मोठी परंपरा उभी केली. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. या नामावळीत मैफलीचा रसिक खऱ्यांचे नाव सहसा घेत नाही. त्यांनी आपली विद्या अस्थानी खर्च केली, असे कोणी म्हणेल; ते आम्हाला पटत नाही. श्रेष्ठ गवयाने ऐकणाऱ्याला आनंद द्यावा, हे त्याचे काम खरेच. पण ज्यांना कोणी कधी गा म्हटले नव्हते, अशा बाया-माणसांना ज्याने गावयास लावले, त्याचे कामही त्याच तोलाचे आहे. पहिल्याचे गाणे त्याच्याबरोबर जाते किंवा तबकडीत राहते. दुसऱ्याचे गाणे, ते कोणाचे हे विसरले गेले तरी, लोकांच्या तोंडी राहते. आजही देशात कोठे सामुदायिक प्रार्थना होऊन रामधून सुरू झाली, म्हणजे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते, पण त्या परंपरेत पंडितजींचा वाटा असतोच.

हे चरित्र आम्ही मुद्दाम या अंकात दिले, त्याचे कारण आता सांगतो. आपल्या मंदिरांतून आरतीची गर्दी वाढत आहे. पण म्हणणारे कमी होत आहेत. ध्वनिक्षेपकावर तयार आरती लावली जाते, नगारा आणि घंटा विजेवर वाजतात, आणि आपण हात जोडून उभे राहतो. जे चार-सहा जण म्हणतात तेही वडील माणसे असतात. शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना अभंगाचे शब्द परके वाटू लागले आहेत. दोष मुलांचा नाही. गाणे हे वयाबरोबर आपोआप येत नाही. कोणीतरी बसून, धीराने, पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. पंडितजींनी हेच केले. त्यांनी मराठी अभंग सोडला नाही, आणि गुजराती पदाला परके मानले नाही. दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच प्रार्थनेत बसवली. गुर्जरभूमीत राहणाऱ्या मराठी माणसाने कसे राहावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ आम्हाला ठाऊक नाही.

तेव्हा सभासद कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे. घरातील ज्या आजी-आजोबांना, आई-मावशीला चाली येत असतील त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना घेऊन बसावे. एक अभंग मराठी घ्यावा, एक पद नरसिंह मेहतांचे घ्यावे. पेटी नसली तरी चालेल, टाळ पुरेत. स्वर चुकला तर रागावू नये; पुन्हा म्हणावे. आणि मंदिरात निदान एका आरतीच्या वेळी यंत्र बंद ठेवून सर्वांनी आपल्या गळ्याने म्हणावे. सुरुवातीस ते बेसूर होईल. साबरमतीलाही सुरुवातीस तसेच होते. कै. पंडित खरे यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.